थरथर गेली त्याचं जेवण

माझ्या सासूबाई बिनसाखरेचा चहा प्यायच्या. साखरेचा आजार त्यांना नव्हता, त्यांच्या मुलाला होता. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं बसून नवऱ्याचा बिनसाखरेचा कप आधी काढला आणि बाकी सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात केला, माहेरी इंदापूरला करायचो तसा, गोड आणि दाट. सासूबाईंनी कप हातात घेतला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, झालं, पहिल्याच चहाला नावं ठेवणार ही बाई. माझं डोकं मुळातच गरम. नव्या नवरीनं गप्प बसायचं असतं हे माहीत असूनही मी विचारलं, "आत्या, काय चुकलं का?"

"तुझं काय बी चुकलं न्हाय, पोरी. म्या गोड सोडलंय. ह्याची थरथर जाईस्तवर."

ही थरथर म्हणजे काय, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आठवडाभरातच कळलं.

हे, म्हणजे माझे पती. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता लिहितानाही घेणार नाही. विशी ओलांडता ओलांडता त्यांना मधुमेह झाला होता, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही त्यातला. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचून घ्यावं लागे. लपवाछपवी काही झाली नव्हती, लग्नाआधीच माझ्या वडिलांना सगळं सांगितलं होतं. वडील म्हणाले, नोकरी आहे, कालव्याचं पाणी आहे, मुलगा पीत नाही, सुई टोचून घेतो तर घेऊ दे.

आमची वस्ती बारामती तालुक्यात, सोमेश्वरनगरच्या अलीकडं. या घराण्यानं ह्यांच्या लहानपणापर्यंत मेंढरं राखली, सुप्याकडच्या माळांवर. नंतर थोडी पाण्याखालची जमीन झाली, मेंढरं गेली, ऊस आला. हे एका साखर कारखान्यात चिटबॉय होते. कोणाचा ऊस कधी तोडायचा, तोडणीची टोळी कुठल्या फडात पाठवायची, हे बघणारा कारखान्याचा माणूस तो चिटबॉय. हंगामात लोक ह्यांच्या मागं मागं फिरायचे आणि हे त्यांच्यापासून पळायचे. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि धाकटी नणंद. मी जवळच्या शाळेत शिकवायला जायचे.

फ्रिज नव्हता. माठाशेजारी एक छोटं मडकं होतं, त्यात ओली वाळू आणि वाळूत इन्शुलिनची बाटली. ती वाळू ओली ठेवायचं काम आत्यांचं. दुसऱ्या कोणी त्यात पाणी घातलेलं त्यांना चालायचं नाही. हे मांडीत सुई टोचत टोचत रेडिओवरच्या बातम्यांवर मत द्यायचे, जणू मांडी शेजाऱ्याची आहे.

थरथर मी पहिल्यांदा पाहिली ती एका दुपारी. हे फडातून आले आणि सायकल भिंतीला न लावता तशीच पडू दिली. उंबऱ्यावर बसले. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, आणि दोन्ही हात असे कापत होते की मनगट धरलं तरी थांबेनात. "भूक, भूक" एवढंच बोलत होते. मी जागच्या जागी उभी राहिले. आत्या मात्र आतून गुळाचा खडा घेऊनच आल्या. त्यांनी तो ह्यांच्या तोंडात घातला आणि पाठीवर हात ठेवून शेजारी बसल्या. थोड्या वेळानं हात थांबले. हे माझ्याकडं बघून हसले. "घाबरलीस व्हय?" मी म्हटलं, "मी कशाला घाबरू? सायकल उचला आधी." आत जाऊन मात्र रडले.

इन्शुलिन टोचलेलं असतं, जेवायला उशीर होतो, उन्हातान्हात चालणं होतं. मग रक्तातली साखर उतरते. अंग घाम सोडून, हात कापून सांगतं की काहीतरी खा. हे मला डॉक्टरांनी समजावलं होतं आणि मी आत्यांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. पण रक्तातली साखर कोणाला दिसते? लेकाचे कापणारे हात त्यांना दिसत होते. त्यांच्या लेखी तेच दुखणं होतं. माळावरच्या देवाला त्यांनी नवस बोलला होता. थरथर गेली की बोकड देईन, आणि तोवर तोंडात गोड घालणार नाही. चहात नाही, सणाला नाही, माझ्या लग्नातही नाही. मुलाच्या लग्नात ह्या बाईनं बुंदीचा एक दाणा तोंडात टाकला नव्हता, हे मला नंतर नणंदेकडून कळलं.

हे स्वतः मात्र दुखण्याकडं परीक्षेसारखं बघायचे. तेव्हा घरी रक्त तपासायची सोय आमच्यासारख्यांकडं नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी गरम करायची. साखर असेल तर रंग बदलतो. आधी हिरवा, मग पिवळा, फारच असेल तर विटकरी. काहीच नसेल तर निळा तसाच राहतो. बारामतीच्या जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, निळा ठेवा, डोळे वाचतील. ह्यांनी ते मनावर घेतलं. सकाळी दारात उभं राहून नळी उजेडाकडं धरायचे. निळा आला की दिवसभर खूश. हिरवट दिसला की इन्शुलिन एक रेघ वाढवायचे आणि भाकरी अर्धी कमी करायचे. मी चिडवायची, "पहिला नंबर आला का?" ते म्हणायचे, "तुझ्या शाळंतल्या एका तरी पोराचा येतो का असा?"

निळा रंग साखर जास्त नाही एवढंच सांगतो. किती कमी आहे ते सांगत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

माझी लेक रांगायला लागली त्या सुमारास माझ्या लक्षात आलं की ह्यांची थरथर कमी झालीय. आधी आठवड्यातून दोनदा-तीनदा व्हायची. मग महिन्यातून एकदा. मग एक आख्खा गळीत हंगाम गेला, उन्हातला, धुळीतला, वेळी-अवेळी जेवणाचा, आणि हात एकदाही कापले नाहीत. नळी रोज निळी. आत्या रोज ह्यांच्या हातांकडं बघायच्या. ताट वाढताना, चपला घालताना. एके दिवशी म्हणाल्या, "गेली गं. गेली त्याची थरथर."

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, मी त्यांच्याइतकीच खूश होते.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, आम्ही माळावर गेलो. नात्यातली मंडळी होती, माझ्या माहेरची होती. देवाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बोकड देवळाबाहेर, लिंबाखाली. आमच्यात एक रीत आहे. बोकडाला भंडारा लावतात, पाठीवर पाणी सोडतात आणि सगळे हात जोडून उभे राहतात. बोकडानं अंग थरारून झाडलं, की देवानं घेतला. झाडलं नाही तर थांबायचं. देवाच्या मनात काय आहे ते विचारायचं, काही चुकलं असेल तर माफी मागायची, परत पाणी सोडायचं.

तो बोकड हलेना. पाणी सोडलं, पुन्हा सोडलं. तो कानाची पाळीसुद्धा न हलवता उभा. मंडळी अस्वस्थ झाली. कोणी म्हणालं, नैवेद्यात काही राहिलं का बघा. आत्या पुढं झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "देवा, माझ्या लेकाची थरथर तू घेतलीस. आता माझ्याकडनं हे घे." त्यांनी स्वतः तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. बोकडानं मान खाली घातली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरारून अंग झाडलं. सगळ्यांनी एकदम भंडारा उधळला. ह्यांच्या केसांत, भुवयांवर पिवळी पूड बसली होती आणि ते लेकीला खांद्यावर घेऊन हसत होते. त्यांचा हा चेहरा मला सगळ्यात जास्त आठवतो.

त्या दिवशी आत्यांनी पुरणपोळी खाल्ली. पहिला घास तोंडात धरून किती वेळ बसल्या होत्या. मी विचारलं, "आत्या, कशी झालीय?" त्या म्हणाल्या, "चव इसरून गेले व्हते गं." मी त्यांच्या पोळीवर आणखी तूप घातलं.

पुढच्या हंगामात एका दुपारी एक शेतकरी ह्यांना मोटरसायकलवर बसवून घरी घेऊन आला. मी शाळेतून नुकतीच आले होते. तो माणूस मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, दुपारीच घेतलीय वाटतं. टोळीला दुसऱ्याच फडाचं नाव सांगत्यात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. मी ह्यांच्यापुढं गेले. ते बाजेवर शांत बसले होते. घाम नाही. हात मांडीवर स्थिर. मी म्हटलं, "काय झालंय तुम्हाला?" ते माझ्याकडं बघत म्हणाले, "मेंढरं आत घे." आमच्या घरात मेंढरू नव्हतं. मग त्यांचे डोळे वर गेले आणि ते बाजेवरून खाली पडले.

बारामतीला नेलं ते त्याच शेतकऱ्यानं जीप आणून. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, नवीनच आलेले. त्यांनी रक्त बघितलं आणि शिरेतून ग्लुकोज सोडलं. बाटली अर्धीही झाली नसेल, ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मी हितं कसा?" मला इतका राग आला की मी खिडकीकडं तोंड केलं.

डॉक्टरांनी विचारलं, "यांना आधी थरथर, घाम, असं काही व्हायचं का?"

"व्हायचं. आता नाही होत. बरे झाले होते," मी म्हटलं.

"बरे झाले नव्हते, बाई." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून सांगितलं. हे मी त्यांचं चांगलं मानते, बसून सांगितलं. "मेंदूला साखरेशिवाय चालत नाही. ती रोज रोज खाली जात राहिली, बराच वेळ खाली राहिली, की मेंदू तेवढ्यावर भागवायला शिकतो. रक्तात आहे त्यातली जास्त ओढून घ्यायला लागतो. आणि आपलं भागतंय असं त्याला वाटलं, की तो ओरडा करत नाही. थरथर म्हणजे तो ओरडा. तो बंद झाला, म्हणून तुम्हाला वाटलं सगळं ठीक आहे. साखर मात्र आणखी खाली जात राहते, आणि मग असं एकदम होतं. पुढच्या वेळी जवळ कोणी नसेल."

मी विचारलं, "मग आता?"

"ही सवय मोडता येते. काही आठवडे साखर मुद्दाम जरा वर ठेवायची. एकदाही खाली जाऊ द्यायची नाही, एकदाही. मग मेंदू पुन्हा जागा होतो. सगळ्यांचाच होतो असं नाही, पण बहुतेकांचा होतो. थरथर परत आली की पेढे घेऊन या."

बारामतीच्या एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, "कळलं का तुम्हाला काही?" ह्यांना कळलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. म्हणाले, "दुष्काळात उपाशी मेंढरू पयल्यांदा लई वरडतं. चार दिसांनी गप पडतं. आयच सांगायची, वरडतंय तवर भ्यायचं न्हाय, गप पडलं की भ्यायचं." मग बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसले. मीही त्या हातांकडं बघत होते. जी जावी म्हणून आम्ही बोकड दिला, तीच थरथर आता परत मागायची होती.

घरी आल्यावर ह्यांनी आईला तेच मेंढराचं सांगितलं. ती बाई उभ्या जन्मात मेंढरांशिवाय दुसऱ्या कशाला इतकं ओळखत नव्हती. त्यांना पटेल असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "मेंढराचं खरं हाय. पर मेंढरासाठी म्या देवाला सबूद दिला नव्हता."

त्यानंतरचे आठवडे मी लिहूच शकणार नाही इतके सावध होते. इन्शुलिन कमी केलं. दर थोड्या वेळानं खायचं. शर्टाच्या खिशात गुळाचा खडा, कागदात गुंडाळून, तो मी रोज सकाळी बघायची. सकाळच्या नळीत हिरवा रंग यायला लागला आणि ह्यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा व्हायचा. मी दटावायची, "हिरवाच पाहिजे. निळा आणलात तर घरात घेणार नाही." मी देवाला काही मागितलं नाही. देवाशी काय बोलावं तेच मला कळत नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी बशी वाजली.

हे ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा पीत होते, बशीत ओतून. न्याहारीला जरा उशीर झाला होता. बशी कपावर आपटून वाजायला लागली, बारीक बारीक. मी परातीतून हात काढून धावले. कपाळावर घाम होता. हात कापत होते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दोघंही हसायला लागलो, मी तर पिठाच्या हातांनी त्यांचा हात धरून हसत होते आणि रडत होते. त्यांनी खिशातला गूळ काढून तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "पेढे आण."

मी वळले तर दारात आत्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात मडक्यासाठी पाण्याचा तांब्या होता. त्या ह्यांच्या हातांकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

त्या दिवसापासून त्यांनी परत गोड सोडलं. आणि या वेळी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. देवानं बोकड परत केला, आपलंच कुठंतरी चुकलं, असं त्यांनी धरलं. दिवसातून एकदाच जेवायला लागल्या. मी भांडले. नणंद रडली. हे समजावून थकले. "आये, थरथर चांगली हाय गं. ती हाय म्हणून मी हाय." त्या म्हणायच्या, "व्हय बाबा," आणि ताट बाजूला सारायच्या. हळूहळू त्यांच्या हातातली चांदीची बांगडी कोपरापर्यंत जायला लागली. चालताना भिंतीला हात लावू लागल्या.

मग ह्यांनी ते केलं जे कोणताही मुलगा करेल. थरथर लपवायला लागले.

हात कापू लागले की हे उठायचे. गोठ्यात जातो, उसाच्या पाण्याची मोटार बघून येतो, सायकलीत हवा भरतो. आडोशाला जाऊन गूळ खायचे आणि हात थांबले की परत यायचे. मला हे माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, आणि तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. हवी ती थरथर आली होती, गूळ खिशात होता, काय बिघडलं आईला दिसलं नाही तर? महिना गेला, दुसरा गेला. आत्यांनी ह्यांचे हात कापलेले बघितले नाहीत. एके दिवशी त्या आपणहून संध्याकाळच्या जेवणाला बसल्या. आणखी काही दिवसांनी चहात साखर घालू दिली. ह्यांचा कप सोडला तर घरात परत एकाच पातेल्यात चहा व्हायला लागला.

नणंदेचा साखरपुडा आमच्या वस्तीवरच होता. नवऱ्या मुलाकडची मंडळी इंदापूरच्या पलीकडून यायची होती आणि त्यांच्या गाडीचं काहीतरी बिघडलं. पाहुणे आल्याशिवाय पंगत बसत नाही. सकाळपासून हे मांडव, पाणी, जाजमं यामागं धावत होते. सुई वेळेवर घेतली होती. न्याहारीही केली होती. अंगात नवा पांढरा शर्ट होता. गुळाचा डाग पडेल म्हणून त्यांनी खडा नव्या खिशात ठेवलाच नाही. तो खुंटीवरच्या जुन्या शर्टात राहिला, मला तो संध्याकाळी सापडला.

पुढचं मी बघितलं नाही, मी चुलींपाशी होते. शेजारी बसलेल्या आमच्याकडच्या एका पाहुण्यानं नंतर सांगितलं. हे जाजमावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. पाहुण्याला वाटलं, अवघडलेत. समोर बायकांत आत्या बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर माझी लेक. ह्यांनी आईकडं एकदा बघितलं, हसले आणि उठले. "मोटार बघून येतो," म्हणाले. आत, चार पावलांवर, साखरेची परात भरून ठेवली होती, पुड्यात घालायची. तिथवर जायला आईच्या समोरून जावं लागलं असतं.

मंडळी आली, गडबड झाली, पंगत मांडली आणि ह्यांना हाका मारल्या. नवरीचा भाऊ कुठं गेला म्हणून दोघं-तिघं बघायला गेले. मग त्यातला एक पळत आला.

मोटारीपासून थोडं पुढं, उसाच्या बांधाला, पाटात हे पालथे पडले होते. पाटाला फार पाणी नव्हतं. तोंड बुडेल एवढं होतं. माणसांनी त्यांना उचलून बांधावर ठेवलं तेव्हा मी पोचले. नवा शर्ट चिखलानं भरला होता. हात धरले, ते गार होते आणि थांबलेले होते. पाटाच्या कडेला एक ऊस मोडून पडला होता. त्याच्या एका टोकाला दातांच्या खुणा होत्या, साल थोडीशी निघाली होती. ह्यांना कळलं होतं. अंगानं वेळेवर ओरडून सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले होते तसं, आणि हे खायला धडपडले होते. त्या कापणाऱ्या हातांना ऊस सोलता आला नाही.

आत्या अनवाणी धावत येताना दिसल्या. मी तो ऊस उचलला आणि उभ्या उसात आत, दिसणार नाही असा सारला. का, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

दिवस झाले, माणसं पांगली. नणंदेचं लग्न ठरलेल्या त्याच घराण्यात झालं, पण पुढच्या वर्षी. मी शाळेत जायला लागले. माठाशेजारचं मडकं तसंच होतं. आत्या सकाळी उठून त्यातल्या वाळूत पाणी घालायच्या. मी त्यांना अडवलं नाही. मला ह्यांचा राग यायचा, रोज यायचा. आईच्या समोरून चार पावलं चालता आली नाहीत तुम्हाला, असं मी एकटी असताना मोठ्यानं म्हणायची. मग मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही आणि रागही टिकायचा नाही.

एका सकाळी मी चहा केला. आत्यांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि तसाच जमिनीवर ठेवला. मला माझी त्या घरातली पहिली सकाळ आठवली. पण आता त्या माझ्याकडं वर बघत होत्या.

"पोरी, एक खरं सांगशील?"

"विचारा की."

"शेवटाला त्याला थरथर आली व्हती का गं?"

लेक अंगणात कोंबड्यांमागं पळत होती. मी चुलीतली लाकडं मागं ओढली. आत्यांची बांगडी मनगटावर होती, तिथंच राहावी असं मला फार वाटलं.

"न्हाय, आत्या," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. "थरथर कवाच गेली व्हती. पाय घसरला त्यांचा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मंग देवानं त्याचा सबूद पाळला म्हणायचा."

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी कप उचलला आणि चहा संपवला. रिकामा कप माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "साखर जरा जास्त पडली गं आज."

मी म्हटलं, उद्यापासून कमी घालते.